डोनिट्झची अर्धीच कारकीर्द सांगू नका

दुसऱ्या महायुद्धावर मराठीत लिहिणारे लेखक, व्हिडिओ करणारे निवेदक आणि दिवाळी अंकांचे, पुरवण्यांचे संपादक यांस,

स. न. वि. वि.

मे महिना जवळ आला की जर्मनीच्या शरणागतीची आठवण निघते आणि तिच्यामागोमाग मराठीत हिटलरचा पाणबुडीप्रमुख आणि पुढे नौदलप्रमुख कार्ल डोनिट्झ हजर होतो. साचा ठरून गेला आहे. गडद कोट, करारी चेहरा, मागे खवळलेला अटलांटिक. मग विशेषणे: ‘राजकारणाशी देणेघेणे नसलेला हाडाचा दर्यावर्दी’, ‘लांडग्यांच्या टोळीचा जनक’, ‘लाखो निर्वासितांचा तारणहार’ आणि शेवटी ‘विजेत्यांच्या न्यायाचा बळी’. या चारही विशेषणांना थोडाथोडा आधार आहे, म्हणूनच ती इतकी खपतात.

आम्ही नौदलाचा इतिहास वाचणारी आणि त्यावरून आपसांत भांडणारी मंडळी आहोत. पाणबुडी युद्धातली कल्पकता आम्हालाही खिळवून ठेवते. पण तुमच्या गोष्टीतला डोनिट्झ १९४३ च्या मे महिन्यात अटलांटिकमध्ये हरतो आणि एकदम १९४५ च्या मे महिन्यात शरणागतीच्या वेळी उगवतो. मधली दोन वर्षे तो होता कुठे? बर्लिनजवळच्या मुख्यालयात आणि हिटलरच्या बैठकीत. नौदलातला वरिष्ठ अधिकारी टेबलाशी बसून जे करतो तीच त्याची खरी वरिष्ठ कारकीर्द, आणि तुम्ही नेमकी तेवढीच गाळता. ही काटछाट आता मुलांच्या प्रकल्पवह्यांत उतरू लागली, म्हणून हे पत्र जाहीर लिहीत आहोत.

यात मराठी माणसाचे काय जाते, असा प्रश्न येईल. युद्धाच्या तोंडावर ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचा सुमारे दर चौथा माणूस हिंदुस्थानी होता. मुंबईहून भरती होणाऱ्यांत रत्नागिरीकडचे खलाशी आणि आगवाले होते, त्यांच्यावर सारंग-तांडेल होते, आणि स्वयंपाक-वाढप सांभाळणारे गोवेकर होते. टॉर्पेडो साधारणपणे इंजिनाच्या भागावर नेम धरून सोडत, म्हणजे बॉयलरशी उभा असलेला आगवाला पहिला जाई. या युद्धात साडेसहा हजारांच्या आसपास हिंदुस्थानी खलाशी गेले. १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री ‘यू-४८’ ने ‘सिटी ऑफ बनारस’ बुडवले, तेव्हा कॅनडाला निघालेल्या ९० मुलांपैकी ७७ दगावली, हे तुम्ही सांगता. त्या जहाजाची बारा नंबरची होडी आठ दिवस समुद्रावर तरंगत राहिली आणि तिच्यातल्या ४६ जणांपैकी ३२ हिंदुस्थानी खलाशी होते, हे मात्र आम्ही मराठीत अजून ऐकलेले नाही. ‘अमुक लाख टन बुडवले’ असे उत्साहाने सांगताना त्या टनांत आपली माणसे होती एवढे ध्यानात असावे.

आता तक्रारी.

पहिली हुद्द्यांची. ती किरकोळ वाटेल, पण पुढचा सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो. डोनिट्झ १९१० मध्ये कैसरच्या नौदलात दाखल झाला. ‘ब्रेसलाऊ’ या क्रूझरवर होता आणि १९१४ मध्ये तिच्यासोबत तुर्कस्तानला पोचला. १९१६ च्या अखेरीस पाणबुड्यांकडे वळला, ‘यू-३९’ वर कप्तान फोर्स्टमानच्या हाताखाली शिकला आणि पुढे स्वतः कप्तान झाला. ४ ऑक्टोबर १९१८ ला माल्टाजवळ एका काफिल्यावर हल्ला करताना त्याची ‘यूबी-६८’ गेली आणि तो ब्रिटिशांच्या कैदेत पडला. १९३४-३५ मध्ये ‘एम्डेन’ या प्रशिक्षण क्रूझरचा कप्तान म्हणून तो आफ्रिकेला वळसा घालून ब्रिटिश हिंदुस्थानापर्यंत येऊन गेला. १९३५ मध्ये त्याच्याकडे पहिला पाणबुडी ताफा आला. सुरुवात तीन छोट्या बोटींनी झाली.

युद्ध पेटले तेव्हा तो कमोडोर होता. ऑक्टोबर १९३९ मध्ये रिअर ॲडमिरल झाला, १९४० मध्ये व्हाइस ॲडमिरल, १९४२ मध्ये ॲडमिरल. या सगळ्या काळात नौदलप्रमुख होता एरिश रेडर. म्हणजे ‘बिस्मार्क’ ही युद्धनौका अटलांटिकमध्ये पाठवण्याचा निर्णय डोनिट्झच्या नावावर टाकणे साफ चूक. तो नौदलप्रमुख आणि ग्रँड ॲडमिरल झाला ३० जानेवारी १९४३ ला. हिटलरने मृत्युपत्रात त्याला राष्ट्राध्यक्ष केले, फ्यूरर हे पद कुणालाच दिले नाही, आणि चान्सेलरपद गोबेल्सला दिले. फ्रान्समधल्या रँस इथल्या शरणागतीवर सही जनरल योडलची आहे, बर्लिनमधल्या दस्तावर कायटेल, फ्रीडेबुर्ग आणि श्टुम्फ या सेनाधिकाऱ्यांच्या. डोनिट्झने अधिकार दिले, सही केली नाही. ‘शरणागतीवर सही करताना डोनिट्झ’ म्हणून फिरणारे छायाचित्र दुसऱ्याच कुणाचे तरी असते.

दुसरी तक्रार पाणबुडीची. तुमच्या निवेदनात ती दिवसेंदिवस पाण्याखाली दबा धरून बसलेली असते. त्या काळची सातव्या वर्गाची ‘सी’ बोट म्हणजे गरज पडल्यास बुडी मारणारी टॉर्पेडो बोट होती. पाण्यावर डिझेल इंजिनांवर तिचा वेग १७ नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) वर, पाण्याखाली बॅटरीवर जेमतेम साडेसात, आणि तोही तासभर टिकला तर नशीब. चार नॉटने रेटली तर ८० सागरी मैलांत बॅटरी संपे. पुढे चार नळ्या, मागे एक, सगळे मिळून १४ टॉर्पेडो, माणसे पन्नासच्या आत-बाहेर. सात-आठ नॉटने चालणाऱ्या काफिल्याला पाण्याखालून गाठणे या यंत्राला जमणारेच नव्हते.

डोनिट्झची अक्कल इथे दिसते, आणि तुम्ही तिला नुसते ‘लांडग्यांची टोळी’ म्हणून सोडून देता. काफिल्याच्या वाटेवर आडवी रांग लावायची, दोन बोटींत पंधरा-वीस मैलांचे अंतर ठेवायचे. ज्या बोटीला धूर दिसेल तिने हल्ला करायचा नाही. मागे राहून जागा, दिशा आणि वेग कळवत राहायचे. लोरियांजवळच्या केर्नेव्हेल इथल्या आणि पुढे पॅरिसमधल्या मुख्यालयातून बाकीच्यांना त्या जागी वळवायचे. अंधार पडला की पाण्यावरूनच काफिल्याच्या रांगांमध्ये घुसायचे. ब्रिटिशांचे ॲस्डिक हे यंत्र पाण्याखाली ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणारे. पाण्यावरची ठेंगणी बोट त्याला सापडत नसे आणि रात्री डोळ्यांनाही दिसत नसे.

त्याने ३०० बोटी मागितल्या होत्या. हिशोब सरळ होता: शंभर गोदीत, शंभर वाटेवर, शंभर प्रत्यक्ष कामावर. युद्धाच्या पहिल्या दिवशी हातात ५७ होत्या, आणि त्यांतल्या अटलांटिकला पुरतील अशा निम्म्याहून कमी. वर १९४० मध्ये नॉर्वेच्या मोहिमेत टॉर्पेडोच दगा देऊ लागले: चुंबकीय ट्रिगर वेळेआधी फुटे किंवा फुटतच नसे, टॉर्पेडो ठरवल्यापेक्षा खोल धावून जहाजाखालून निघून जाई, आणि धडकेने फुटणारा ट्रिगरही तिरक्या कोनात हमखास चाले असे नव्हते. हे सांगा ना! यात भरपूर नाट्य आहे.

पण त्याच पद्धतीत तिचा मृत्यूही होता, आणि त्याची जबाबदारी ठरवताना तुमचे शब्द अडखळतात. मुख्यालयातून सगळे हलवायचे म्हणजे रेडिओवर अखंड बडबड. ब्रिटिशांनी दिशाशोधक यंत्रे संरक्षक जहाजांवरच बसवली. बोटीने संदेश पाठवला की काही मिनिटांत विनाशिका त्या दिशेने सुटे. १ फेब्रुवारी १९४२ पासून चौथे चाक असलेले एनिग्मा हे संकेतयंत्र आले आणि ब्रिटिश दहा महिने आंधळे झाले. ऑक्टोबर १९४२ च्या अखेरीस बुडणाऱ्या ‘यू-५५९’ मधून कागद हाती लागले आणि डिसेंबरात ती संकेतलिपीही फुटली. डोनिट्झने संकेतांच्या सुरक्षेची चौकशी अनेकदा करवली. दर वेळी उत्तर आले: लिपी सुरक्षित आहे. त्याने ते मानले आणि संशय रडारवर, हेरांवर, अगदी आपल्याच बोटींवरच्या रडारसूचक यंत्रावर घेतला. त्यात दहा सेंटीमीटर लहरींचे रडार आले, जे त्या सूचकाला ऐकूच येत नसे. लांब पल्ल्याच्या लिबरेटर विमानांनी मधल्या समुद्रावरचे उघडे आभाळही झाकले.

मे १९४३ मध्ये ४० हून अधिक बोटी गेल्या. त्यांतल्या ‘यू-९५४’ वर त्याचा धाकटा मुलगा पेटर होता. २४ मे रोजी त्याने उत्तर अटलांटिकमधून बोटी मागे घेतल्या. तुमची गोष्ट इथे संपते. त्यानंतर त्याने, शत्रूची विमाने आणि जहाजे अडकून पडावीत एवढ्यासाठी, त्याच जुन्या बोटी पुन्हा पुन्हा बाहेर पाठवल्या. पाणबुड्यांवर गेलेल्या सुमारे ४० हजार जणांपैकी तीन चतुर्थांश परत आले नाहीत. तुम्ही त्याला ‘माणसांची काळजी घेणारा सेनापती’ म्हणता, तेव्हा हा आकडा शेजारी ठेवायला हवा.

तिसरी तक्रार ‘लॅकोनिया’ ची. १२ सप्टेंबर १९४२ ला पश्चिम आफ्रिकेच्या समुद्रात हार्टेनश्टाइनच्या ‘यू-१५६’ ने हे जहाज बुडवले. त्यावर सुमारे १,८०० इटालियन युद्धकैदी होते. हार्टेनश्टाइनने माणसे उचलली, उघड्या इंग्रजीत मदतीची हाक दिली, रेडक्रॉसचे कापड पसरले. डोनिट्झने आणखी बोटी मदतीला पाठवल्या, याचे श्रेय त्याला द्यावेच लागेल. १६ तारखेला अमेरिकन लिबरेटरने बाँब टाकले. १७ ला डोनिट्झचा हुकूम निघाला: बुडालेल्या जहाजांवरच्या लोकांना वाचवण्याचे सगळे प्रयत्न बंद, कठोर व्हा. तुम्ही हे ‘अमेरिकनांनी बाँब टाकले म्हणून नाइलाज’ असे सांगता. १९३९ च्या अखेरीस त्यानेच काढलेला १५४ क्रमांकाचा हुकूम तुमच्या सांगण्यात कधी येत नाही. कुणाला वाचवू नका, बोटीवर घेऊ नका, होड्यांची चिंता करू नका, हे त्यात आधीच होते. तेव्हा कुठले अमेरिकन विमान आले होते?

चौथी तक्रार सर्वांत जड आहे. ‘राजकारणाशी देणेघेणे नसलेला’ हे विशेषण तुम्ही कशाच्या आधारे लावता?

१२ मार्च १९४४ च्या वीरस्मृतिदिनाच्या भाषणात याच माणसाने हिटलरने देश एक केला नसता तर काय झाले असते असे विचारत ‘ज्यूंच्या विषाची’ भाषा केली. ते भाषण युद्धानंतर न्यूरेंबर्गच्या युद्धगुन्हे खटल्यात पुरावा म्हणून वाचले गेले. त्याच वर्षाच्या जानेवारीत त्याला नाझी पक्षाचे सुवर्णपदक मिळाले होते. १९४४ च्या अखेरीस त्याने गोद्यांमध्ये छळछावण्यांतले १२ हजार कैदी मजूर म्हणून लावावेत असा प्रस्ताव लिहून दिला.

तुम्ही एकविसाव्या वर्गाच्या बोटीचे त्रिमिती चित्र फिरवत ‘काळाच्या पुढची पाणबुडी’ म्हणता. बोट खरोखर पुढची होती. पाण्याखाली सतरा नॉट, मोठी बॅटरी, आठ तुकड्यांत बांधून जोडायची रचना. तुकडे अंतर्देशीय पोलाद कारखान्यांत बनत. त्या लोकांनी जहाज कधी बांधलेले नसे, त्यामुळे मापे जुळत नसत आणि गोदीत पुन्हा कापाकापी होई. शंभराहून अधिक बोटी दाखल झाल्या, पण ‘यू-२५११’ लढाऊ फेरीवर निघाली ती ३० एप्रिल १९४५ ला. याच बोटी जोडण्यासाठी ब्रेमेनजवळ फार्गे इथे ‘व्हॅलेंटिन’ नावाचे काँक्रीटचे अवाढव्य छत उभारले जात होते. तिथे नॉयनगामे छळछावणीच्या उपछावणीतले कैदी सिमेंटची पोती वाहत होते. हजाराहून अधिक माणसे त्या बांधकामावर मेली, आणि एकही बोट तिथून बाहेर पडली नाही. बॅटरीची क्षमता सांगायला तुम्हाला वेळ मिळतो; या दोन वाक्यांनाही मिळावा.

आणि त्याचीच माणसे. ‘यू-१५४’ चा कप्तान ऑस्कर कुश. हिटलरचे चित्र काढून ठेवायला सांगणारा, युद्ध हरणार असे बोलणारा. त्याच्याच दुय्यम अधिकाऱ्याने तक्रार केली. जानेवारी १९४४ मध्ये लष्करी न्यायालयाने मृत्युदंड दिला आणि १२ मे रोजी कीलमध्ये त्याला गोळ्या घातल्या. नौदलप्रमुख डोनिट्झ मध्ये पडला नाही. त्याहून विलक्षण १० मे १९४५ ची तारीख. शरणागती झालेली, तोफा थांबलेल्या, डोनिट्झचे सरकार फ्लेन्सबुर्गला नावापुरते चालू. त्या दिवशी गेल्टिंगच्या खाडीत तीन नौसैनिकांना पळून गेल्याबद्दल गोळ्या घातल्या गेल्या. हे त्याच्या नौदलाचे न्यायालय होते.

निर्वासितांबद्दल थोडक्यात. पूर्व प्रशियातून समुद्रमार्गे फार मोठ्या संख्येने माणसे बाहेर आली, हे खरे. पण जानेवारी १९४५ मध्ये ‘हानिबाल’ मोहीम सुरू झाली ती पाणबुडी प्रशिक्षणाच्या तुकड्या पश्चिमेला हलवण्यासाठी; ‘विल्हेल्म गुस्टलोफ’ या जहाजावर निर्वासितांसोबत त्या तुकडीचे ९१८ जण होते. ‘लाखोंचा तारणहार’ म्हणताना, युद्ध तोवर ओढत नेणाऱ्यांत तोही होता हे जोडावे.

राहिला न्यूरेंबर्गचा मुद्दा. ‘पाणबुडी युद्धाबद्दल शिक्षा झाली आणि निमिट्झनेही तेच केले होते’ हे वाक्य मराठीत इतके फिरले आहे की ते आता कुणी तपासत नाही. पहिल्या कलमातून, म्हणजे आक्रमक युद्धाच्या कटातून, तो सुटला. दुसऱ्या आणि तिसऱ्या कलमाखाली, म्हणजे आक्रमक युद्ध चालवणे आणि युद्धगुन्हे, तो दोषी ठरला. त्याचा वकील ओटो क्रान्झब्यूलर याने अमेरिकेच्या पॅसिफिक ताफ्याचा प्रमुख निमिट्झ याच्याकडून लेखी उत्तरे मागवली. ती उत्तरे आणि ब्रिटिश नौदलखात्याचा ८ मे १९४० चा, डेन्मार्क-नॉर्वेमधल्या स्कागेराक समुद्रात दिसेल ते जहाज बुडवण्याचा हुकूम लक्षात घेऊन, पाणबुडी युद्धाच्या नियमभंगापोटी शिक्षा मोजलेली नाही, असे न्यायालयाने स्वच्छ म्हटले. तुमचे लाडके वाक्य निकालाच्या बरोबर उलटे आहे! लॅकोनियाच्या हुकुमावर निकालात कडक ताशेरे आहेत. दोषी ठरलेल्यांत सर्वांत कमी शिक्षा, दहा वर्षे, त्यालाच मिळाली. १ ऑक्टोबर १९५६ ला तो श्पांडाऊ तुरुंगातून सुटला.

नेताजींचे नाव घेऊन डोनिट्झला भारताचा मित्र ठरवणारेही आहेत. ‘यू-१८०’ नेताजींना घेऊन कीलहून ९ फेब्रुवारी १९४३ ला निघाली, म्हणजे डोनिट्झ नौदलप्रमुख होऊन दहा दिवस झाले होते. एप्रिलच्या अखेरीस मादागास्करच्या बाजूला ते जपानी पाणबुडी ‘आय-२९’ वर गेले. प्रवास धाडसाचाच. (त्याच ‘आय-२९’ ने पाच महिन्यांपूर्वी मुंबईहून निघालेले ‘तिलावा’ हे प्रवासी जहाज बुडवले होते, हेही एकदा सांगून पाहा.) नेताजींच्या निर्णयाचे मोल ठरवायला डोनिट्झला पदक द्यावे लागत नाही.

खुद्द जर्मनीला हा हिशोब सोपा गेला नाही. नव्या नौदलाच्या उभारणीवेळी, जानेवारी १९५६ मध्ये विल्हेल्म्सहाफेनला कॅप्टन त्सेंकरने जवानांपुढे रेडर आणि डोनिट्झ यांची बाजू घेतली, तेव्हा संसदेत वादळ उठले. २४ डिसेंबर १९८० ला आउम्यूले गावी डोनिट्झ वारला. लष्करी मानवंदना मिळाली नाही, आणि सेवेतल्या सैनिकांना गणवेशात अंत्ययात्रेला जाण्याची मनाई होती. ६ जानेवारी १९८१ ला जुने पाणबुडीवाले तरीही मोठ्या संख्येने जमले. हा ताणही सांगण्यासारखा आहे.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. डोनिट्झवरच्या कोणत्याही मजकुरात ३० जानेवारी १९४३ नंतरचा काळ यावा, आणि त्यात १२ हजार कैद्यांचा प्रस्ताव, मार्च १९४४ चे भाषण आणि कुशचा खटला असावा. न्यूरेंबर्गबद्दल बोलायचे तर कलमांसकट बोलावे. लॅकोनियासोबत १५४ क्रमांकाचा हुकूम सांगावा. बुडवलेल्या टनांचा आकडा दिला की मेलेल्या खलाशांचाही द्यावा, हिंदुस्थानी खलाशांसह. छायाचित्राखाली तारीख आणि हुद्दा तपासून लिहावा. आधी प्रसिद्ध झालेल्या मजकुरात चूक असेल तर ती गुपचूप काढून न टाकता खाली दुरुस्ती म्हणून छापावी, कारण जुनी प्रत कुठे ना कुठे फिरतच राहते. आणि मुखपृष्ठावर स्वस्तिकाचा झेंडा लावून गिऱ्हाईक ओढण्याचा प्रकार थांबवावा.

हुद्द्यांचे तक्ते, बोटींचे वर्ग, तारखा तपासून द्यायला आम्ही तयार आहोत. मोबदला नको, नावही छापू नका. फक्त संहिता छपाईला किंवा ध्वनिमुद्रणाला जाण्याआधी पाठवा, नंतर नको.

कळावे, लोभ असावा.

आपले,
नौदल-इतिहासाचे काही मराठी वाचक